सुई कुणाच्या हातात?

गंभीर ॲलर्जीच्या झटक्यातून वाचलेला रुग्ण घरी जायला निघतो, तेव्हा त्याच्या हातात काय द्यायचं, यावर आमच्या घरातल्या दोन जाणत्या माणसांचं जमत नाही. एक आमचे काका. एमजीएम मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन त्यांनी इंदूरच्या रामबागेत जन्मभर दवाखाना चालवला. आजोबा, मुलगा, नातू अशा एकाच घरातल्या तीन-तीन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. दुसरी माझी चुलतबहीण, आमची ताई. ती शहरातल्याच एका रुग्णालयात तातडीच्या विभागात सिस्टर आहे. काकांना रुग्ण वर्षानुवर्षं माहीत असतो. ताईसमोर तो पहिल्यांदाच येतो, तोही ओठ सुजलेला, घसा आवळलेला.

यंदाच्या एका संकष्टीला ताईने शेजारच्या मुलासाठी दाण्याचं कूट न घालता वेगळ्या कढईत खिचडी करायला लावली, आणि तिथून बोलणं सुरू झालं. ते जमेल तसं टिपलं आहे. मधेमधे माझं मतही येईल, कारण या वादात मला गप्प राहवलं नाही.

काका: अगं, दाण्यांची ॲलर्जी हे आपल्याकडचं दुखणंच नव्हे. दाणे खाऊन गुदमरलेलं पोर मी सगळ्या प्रॅक्टिसमध्ये एखाददुसरंच पाहिलं असेल. कोशिंबिरीत कूट, भाजीत कूट, उपासाला कूट, त्यावरच वाढलो आपण सगळे. लहानपणीच दाणे पोटात गेले तर ॲलर्जी कमी होते, हे २०१५ साली लंडनच्या डॉक्टरांनी प्रयोग करून दाखवलं. आपल्या आज्या ते आधीपासून करत होत्या.

ताई: ते खरंच आहे. पण तुम्ही पाहिलेलं ते एखाददुसरं पोर घरी गेल्यावर त्याचं पुढे काय झालं, हे तुम्हाला कुणी येऊन सांगितलं?

काका: हे बघ, माझी तक्रार वेगळी आहे. आता आया रिपोर्टांची चळत घेऊन येतात. शंभर पदार्थांची यादी, त्यात वीस लाल खुणा. दूध बंद, गहू बंद, तूर बंद, केळं बंद. पोरगं वाळत चाललेलं. कर्नाटकात शाळकरी मुलांची मोठी पाहणी झाली होती. कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडं जवळजवळ पाचात एका मुलाच्या रक्तात सापडली. प्रत्यक्षात अन्नाची ॲलर्जी असावी असं वाटलं ते हजारात एक-दोघांना. म्हणजे लाल खूण असलेल्या बहुतेक मुलांना काहीही होत नव्हतं! रिपोर्टावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने रुग्णाला आधार दिला, असं मी म्हणणार नाही. त्याने निरोगी मुलाला आजारी केलं.

ताई: यात मी तुमच्याच बाजूची आहे. आमच्याकडेही आधी रिपोर्ट पुढे येतो. मी तो बाजूला ठेवते आणि विचारते, काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने झालं, याआधी तेच खाऊन झालं होतं का, त्या दिवशी ताप होता का, दुखण्याची गोळी घेतली होती का, खाऊन धावला होता का. अर्धं निदान त्यातच होतं. आणि त्या छापील यादीत आपलं ताट असतंच असं नाही. बेसनाचंच घ्या. इंदुरात सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या ताटापर्यंत शेव आहे. मुंबईच्या पाटील, निफाडकर आणि बापट यांनी २००१ मध्येच लिहून ठेवलंय की हरभरा हा आपल्या उपखंडातला महत्त्वाचा ॲलर्जीकारक आहे. पण किती डॉक्टर विचारतात, शेव खाल्ली होती का?

इथे एक माहिती जोडतो, कारण ती रोज उपयोगी पडणारी आहे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे पाकीटबंद मालावर ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्याच्या जातीचे जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांची सूचना छापावी लागते. हरभरा, तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत. अमेरिकेने तिळाचा समावेश २०२३ पासून सक्तीचा केला. तेव्हा ज्याला तिळाची किंवा बेसनाची ॲलर्जी आहे त्याने पाकिटावर ठळक सूचना नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, सगळे घटक वाचावेत. हे त्याला डॉक्टरने किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टने सांगायला हवं. खाण्याच्या जागांपैकी ॲलर्जीची माहिती द्यायचं बंधन केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखा असलेल्यांवर आहे. इंदूरच्या सराफ्यातल्या खाण्याच्या ठेल्यावर ते लागू नाही. तिथे गराडू कुठल्या तेलात तळले आणि त्या कढईत आधी काय पडलं होतं, हे तोंडाने विचारल्याशिवाय कळत नाही.

काका: म्हणजे निदानावर आपलं भांडण नाही. भांडण पुढे आहे. खरा झटका आला तर मी काय करतो? ॲव्हिल, डेक्सोना, सलाईन, आणि शेजारी बसून नाडी. एवढ्यावर माणसं बरी झालेली मी पाहिली आहेत. तुम्ही आजकाल उठल्यासुटल्या ॲड्रेनालिन टोचता. सत्तरीच्या हृदयरोग्याला दिलं आणि छातीत काही झालं, तर दारात नातेवाईक उभे राहतात. ते डॉक्टरला सोसावं लागतं, सिस्टरला नाही.

ताई: काका, नातेवाईक आम्हालाही सोडत नाहीत. पण ऐका. ॲव्हिलने खाज जाते, पित्त उठलेलं बसतं. सुजलेला घसा मोकळा होत नाही आणि पडलेलं बीपी चढत नाही. वर गुंगी येते, त्यामुळे रुग्ण शांत झाला की खालावला हेच कळेनासं होतं. डेक्सोनाचा परिणाम दिसायला तास जातात. आणि तासच नसतात आपल्या हातात. ब्रिटनमध्ये पम्फ्री नावाच्या डॉक्टरांनी अशा मृत्यूंचा अभ्यास २००० साली छापला. श्वास किंवा हृदय थांबेपर्यंतचा मधला वेळ अन्नामुळे झालं तर सुमारे तीस मिनिटं, मधमाशी-गांधीलमाशीच्या दंशामुळे पंधरा, आणि दवाखान्यात दिलेल्या औषधामुळे पाच. पाच मिनिटं, काका. अँटिबायोटिकची सुई देऊन डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळतो, तेवढ्यात ती संपतात.

काका: टेस्ट डोस देतो की आम्ही.

ताई: कातडीखाली थेंब सोडून पंधरा मिनिटं वाट पाहिली म्हणजे पुढचा पूर्ण डोस सुरक्षित, असं होत नाही. तो थेंब खोटा दिलासाही देतो, आणि कुणाला खोटी ॲलर्जीही चिकटवतो. त्यापेक्षा आधी नीट विचारावं, सुई दिल्यावर अर्धा तास बाकावर बसवावं आणि ॲड्रेनालिन हाताशी ठेवावं. आणि हृदयाचं म्हणाल, तर झटक्यात बीपी तळाला गेल्यावर हृदयालाच रक्त मिळत नाही. शिरेतून घाईने चढवलेलं ॲड्रेनालिन धोक्याचं, हे खरं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत दिलेलं तसं नसतं. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त अर्धा मिलिग्रॅम. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी परत.

काका थोडा वेळ बोलले नाहीत. मला मात्र तेव्हा बोलावंसं वाटलं. ॲड्रेनालिन जोकिची ताकामिने यांनी शुद्ध स्वरूपात वेगळं केलं ते १९०१ मध्ये. सव्वाशे वर्षांचं जुनं औषध, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असलेलं, काही रुपयांत मिळणारं. तरीही ते द्यायला हात कचरतो. औषधाचा तुटवडा हे त्याचं कारण नाही. कित्येक डॉक्टरांनी ते फक्त हृदय बंद पडल्यावर वापरलेलं पाहिलं आहे, म्हणून त्यांच्या मनात त्याची जागा शेवटची आहे. गंभीर ॲलर्जीत ती पहिली आहे, हे प्रत्येक कंपाउंडरपर्यंत पोचलं पाहिजे.

ताई: आणि दुसरं, उभं करू नका. आमच्याकडे पेशंट कसा येतो ठाऊक आहे? स्कूटरवर दोघांच्या मधे बसवून. राजवाड्याच्या गर्दीतून. बीपी पडलेल्या माणसाला असं ताठ बसवलं, उभं केलं, लघवीला चालत नेलं, की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि तो तिथेच कोसळू शकतो. आडवं निजवायचं, पाय वर. धाप लागली असेल तर पाय सरळ ठेवून बसवायचं. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. १०८ ला फोन करायचा. हे सांगायला स्पेशालिस्ट लागत नाही, दवाखान्यातला रिसेप्शनिस्टही सांगू शकतो. पण रुग्णाला घरी पाठवताना हे सांगणारं कुणी नसतं. कागदावर लिहिलेलं असतं, ‘ॲलर्जी टाळा’. काय टाळा? कसं टाळा? आणि टाळूनही झालं तर?

काका: बरं, समजा लिहून दिलं. तुझ्या मनात पुढे काय आहे ते मला माहीत आहे. तू त्या मुलाच्या आईच्या हातात सिरिंज देणार.

ताई: हो. देणार.

काका: ते मला मान्य नाही. परदेशात पेनासारखं इंजेक्शन असतं. टोपण काढलं, मांडीला दाबलं, झालं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, आणि परदेशातून मागवायचं तर परवडत नाही. म्हणजे काचेचं ॲम्प्युल फोडायचं, सुई लावायची, औषध ओढायचं, हवा काढायची, मोजायचं. पोरगं डोळ्यांसमोर निळं पडत असताना आई हे करणार? दहापट डोस गेला तर? कुणाच्या माथी?

ताई: तुमचं म्हणणं बळकट करणारा पुरावा मीच देते. कॅनडात एस्टेल सिमन्स यांनी २००१ मध्ये हेच तपासलं. तान्ह्या बाळाचा डोस ॲम्प्युलमधून ओढायला आईबापांना सरासरी १४२ सेकंद लागले. डॉक्टरांना ५२. तातडीच्या विभागातल्या सिस्टरांना २९. आणि आईबापांनी ओढलेल्या डोसांमध्ये चाळीसपट तफावत होती.

काका: मग? संपलं की.

ताई: संपलं कसं? त्या आईबापांना शिकवलं किती होतं, हाही प्रश्न आहे ना. २९ सेकंद मला काही जन्मतः येत नव्हते. आणि समोर दुसरा पर्याय काय आहे? देपालपूरच्या बाजूच्या खेड्यातून इंदूरला यायला किती वेळ लागतो ते तुम्हीच सांगा. मी म्हणते, प्रत्येकाला देऊ नका. ज्याला एकदा खरा झटका येऊन गेलाय, ज्याला दमाही आहे, जो दवाखान्यापासून लांब राहतो, त्याला द्या. सिरिंजवर त्याच्या वजनाइतक्या डोसाची खूण स्वतः करून द्या. घरातल्या दोघांना मीठ-पाण्याचं ॲम्प्युल देऊन, संत्र्यावर टोचायला लावून सराव करून घ्या. दर भेटीला परत करून दाखवायला सांगा. कुणाला भरलेलीच सिरिंज दिली, तर ती उजेडापासून झाकून ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी बदलायची, हे तारखेसकट लिहून द्या. आपल्या मे महिन्यात तर गाडीच्या डॅशबोर्डवर ती राहूच नये.

काका: आपले लोक हे पाळतील?

ताई: इंदूरचे लोक ओला-सुका कचरा वेगळा करतील, यावर तरी कुणाचा विश्वास होता? घरोघर जाऊन शिकवलं, पुन्हापुन्हा विचारलं. २०१७ पासून सलग कितीतरी वर्षं शहर स्वच्छतेत पहिलं आलं. आणि लसीकरणाच्या एएनएम दीदी घ्या. त्यांच्याजवळ ॲनाफिलॅक्सिसचं, म्हणजे अशाच गंभीर झटक्यासाठीचं, किट असतं, त्यात ॲड्रेनालिन आणि वयानुसार डोसाचा तक्ता. पहिला डोस मांडीत देण्याचं प्रशिक्षण सरकारने त्यांना दिलंय. कोविडची लस घेऊन आपण सगळे अर्धा तास खुर्चीवर बसलो, ते कशासाठी? याचसाठी. देशाने एकदा हे केलंय, काका. त्या अर्ध्या तासाचं कारण मात्र लोकांना कुणी नीट सांगितलं नाही.

यावर काकांनी मान हलवली, पण होकाराची नाही. त्यांचं म्हणणं असं की एएनएम ही प्रशिक्षित कर्मचारी आहे, आई ही आई आहे. हा फरक खोटा नाही. पुढे ते जे बोलले ते मला ताईच्या आकड्यांइतकंच मोलाचं वाटतं, म्हणून सविस्तर देतो.

काका: तू झटक्याच्या अर्ध्या तासाचं बोलतेस. मी उरलेल्या वर्षाचं बोलतो. माझ्याकडे एक बाई यायच्या. मुलाला काजूची ॲलर्जी. वाढदिवसाला पाठवणं बंद, सहलीला पाठवणं बंद, लग्नकार्यात स्वतःचा डबा. रात्री तीनदा उठून मुलाचा श्वास ऐकायच्या. मुलाला ॲलर्जी होती, पण झोप आईची गेली होती. आणि घरात सासूबाई म्हणायच्या, एवढंसं खाल्लं तर काय होतं, आमच्या वेळी नव्हती असली थेरं. आपल्याकडे आग्रह करून वाढणं म्हणजे प्रेम. नको म्हणणारा माणूस यजमानाचा अपमान करतो. त्या बाईला सिरिंजने काय आधार मिळणार होता? मी सासूबाईंना दवाखान्यात बोलावलं. समोर बसवलं आणि सांगितलं, यात हट्ट नाही, लाड नाही, काजूच्या कणानेही पोराचा जीव जाऊ शकतो, आणि घरात त्याची राखण करायचं काम मी तुमच्यावर सोपवतोय. त्या दिवसापासून सुकामेव्याची शिकंजी आणि बर्फी घरात येण्याआधी त्या स्वतः विचारू लागल्या. सुनेचा शब्द घरात चालत नव्हता, डॉक्टरचा चालला. आपल्या शब्दाचं वजन रुग्णाला उसनं द्यायचं, हे फॅमिली डॉक्टरचं काम आहे. ते तुमच्या तातडीच्या विभागात होत नाही.

ताई: नाही होत. कबूल.

काका: आणि तरणी पोरं. सोळा-सतराचा मुलगा मित्रांबरोबर छप्पन दुकानवर खायला जातो, तिथे आपल्याला ॲलर्जी आहे हे सांगायला लाजतो. मुलीच्या घरचे तर लग्न ठरेपर्यंत लपवतात आणि नंतर सासरी सांगायला जीभ रेटत नाही. अशा पोरांना आईबापांना बाहेर बसवून एकट्याने भेटावं लागतं. मित्रांपैकी एकाला तरी सांगून ठेव, एवढंच मागायचं. धाक घातला की ती लपवायला शिकतात.

ताई: औषधांच्या ॲलर्जीचं काय? ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असं कुणीतरी केसपेपरवर कधीतरी लिहून ठेवतं आणि ते जन्मभर चिकटतं.

काका: तिथे मी तुझ्यापेक्षा कडक आहे. असा शिक्का बसलेल्यांची रीतसर तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना पेनिसिलिन चालतं. उगाच त्यांना महागडी आणि कमी योग्य औषधं मिळत राहतात. लहानपणी तापात अंगावर पुरळ आलं, ते गोवराचंही असू शकतं. शिक्का पुसायचं कामही डॉक्टरचंच, पण ते रुग्णालयात, देखरेखीखाली. आणि ज्याची ॲलर्जी खरी, त्याच्या खिशात कार्ड हवं. त्यावर औषधाचं मूळ नाव हवं, ब्रँडचं नको. दुखण्याच्या एकेका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं असतात. ब्रँड बदलला की बिचाऱ्याला पत्ता लागत नाही. दाताच्या डॉक्टरकडे जातो आणि तीच गोळी वेगळ्या नावाने घेऊन येतो.

ताई: ते कार्ड हिंदीतही हवं आणि मराठीतही. इंग्रजीत लिहिलेलं आजीला वाचता येत नाही, आणि दुपारी मुलाजवळ आजीच असते.

दमा हा विषय दोघांनीही दोन वाक्यांत संपवला, कारण त्यावर मतभेद नव्हताच. अन्नाच्या ॲलर्जीने दगावणाऱ्यांत आटोक्यात नसलेला दमा वारंवार आढळतो. म्हणून पंप नियमित चालू आहे का, हे ॲलर्जीच्या प्रत्येक भेटीत पाहायचं. ताईने आणखी एक सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. अंगावर पुरळ आलं नाही म्हणजे ॲनाफिलॅक्सिस नाही, असं समजू नये. काहींना पुरळ येतच नाही. लहान मूल नुसतं ओकतं, आवाज बसतो, मलूल होतं. आणि बरं वाटलं तरी लगेच घरी सोडू नये. काही तासांनी पुन्हा काही न खाता दुसरा झटका येऊ शकतो.

शेवटी मुद्दा परत सिरिंजवर आला आणि तिथेच अडला. काका म्हणाले, गोळ्या देईन, कागद देईन, घरच्यांना बोलावून समजावीन, रात्री दोनला फोन उचलीन, पण सुई देणार नाही. ताई म्हणाली, रात्री दोनला तुम्ही फोन उचलाल, पण तुमच्यानंतर त्या दवाखान्यात बसणारा उचलेलच याची खात्री कोण देणार?

माझा कौल ताईच्या बाजूने आहे. काकांची भीती खोटी नाही, चाळीसपट तफावत ही काही लहान गोष्ट नव्हे. पण ज्या औषधाला पर्याय नाही आणि ज्याला मिनिटांचा हिशेब आहे, ते रुग्णापासून दूर ठेवून तो सुरक्षित होत नाही. काकांनी सासूबाईंना समोर बसवून समजावलं, तितकाच वेळ घेऊन, तितक्याच आस्थेने सुई शिकवली तर निवडक घरांना ती नक्की येईल. अशा रुग्णांना डॉक्टरने सोप्या, पेनासारख्या इंजेक्शनची वाट पाहत ठेवू नये, आणि ते आपल्याकडे सहज व स्वस्त मिळावं ही मागणीही डॉक्टरांनीच लावून धरावी. रुग्ण एकेकटे आहेत, त्यांचा आवाज पोचत नाही. डॉक्टरांच्या मात्र इंडियन मेडिकल असोसिएशनच्या शाखा गावोगाव आहेत.

हे वाचणाऱ्यांत कुणी डॉक्टर, सिस्टर, कंपाउंडर किंवा फार्मासिस्ट असेल, तर त्यांना एकच विनंती. आज दवाखाना बंद करण्याआधी ॲड्रेनालिनचं ॲम्प्युल कुठे आहे ते पाहा, त्यावरची मुदत वाचा, आणि तुम्ही जागेवर नसताना ते कोण देईल हे ठरवून ठेवा. आणि ज्यांच्या घरात अशी ॲलर्जी आहे त्यांनी पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना हेच विचारावं. उत्तर तोंडी मिळालं तर ते कागदावर लिहून मागावं.